उजेडात लावलेला फोटो

लग्नानंतर मी जे पहिलं काम शिकले ते फोटो सोलायचं. आता कुणाला हे सांगितलं की लोक हसतात, फोटो काय सोलायची गोष्ट आहे का म्हणतात. पण आमच्या दुकानात तो खरंच सोलावा लागायचा, उकडलेल्या बटाट्यासारखा, आणि तोही वेळ बघून.

माझं माहेर पिंपळवंडीचं, सासर कळंबचं. नवऱ्याचं दुकान मात्र तालुक्याच्या गावी होतं, कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्याला. दुकान म्हणजे एक खोली. पुढे काउंटर, मागे निळा पडदा, पडद्यापुढे स्टूल. नवरा रोलचा कॅमेरा घेऊन लग्नाकार्याला जायचा आणि दुकानात मी बसायचे. माझ्या हाती असायचा चार डोळ्यांचा कॅमेरा. एकदा बटण दाबलं की चार भिंगांतून एकाच माणसाचे चार फोटो एकाच कागदावर उमटायचे. अर्जाला, दाखल्याला, ओळखपत्राला लावायचे. 'अर्जंट फोटो एका मिनिटात' अशी पाटी होती, म्हणून लोक त्याला मिनिटाचा फोटो म्हणायचे.

मिनिट नुसतं म्हणायला. कॅमेऱ्यातून कागदाची पट्टी ओढली की एकमेकांना चिकटलेले दोन कागद बाहेर यायचे आणि त्यांच्यामध्ये औषध पसरलेलं असायचं. ओढताना हात जरा अडखळला की फोटोवर आडवा पट्टा यायचा. मग थांबायचं. उन्हाळ्यात मिनिट पुरे व्हायचं, थंडीत दोन-अडीच लागायची, आणि पावसाळ्यात सगळा अंदाजाचा कारभार. हिवाळ्यात सकाळी तो कागद मी काखेत धरून बसायचे, कारण गार हवेत रंग निळसर पडायचा. घाईनं सोलला तर माणूस हिरवट दिसायचा. वेळेवर सोलला तर वरच्या कागदावर चेहरा, आणि खालच्या काळ्या कागदावर पांढरा चिकट राडा. तो बोटांना लागला की चुणचुणायचं आणि जेवतानाही हाताला वास यायचा. तो खालचा कागद आम्ही फेकून द्यायचो. पुन्हा तोच फोटो हवा असला तर काहीच उपाय नसायचा. निगेटिव्ह नाही म्हटलं की शिकलेली माणसंसुद्धा आमच्याकडे संशयानं बघायची.

गंमत अशी, की माणसं ते मिनिटभर स्टुलावरून हलायची नाहीत. फ्लॅश पडून गेलेला असायचा, मी कागद हातात धरून घड्याळाकडे बघत असायचे, आणि समोर माणूस श्वास धरून, मान ताठ करून बसलेला. त्यांना वाटायचं, फोटो अजून निघतोच आहे. मी सुरुवातीला सांगायचे, झालं म्हणून. मग सांगणं सोडून दिलं.

ती दोघं आली ती पावसाळा सरत आल्यावर. पश्चिमेला धरणाच्या पलीकडे डोंगरात जी गावं आहेत त्या भागाला आमच्याकडे डांगाण म्हणतात. तिथल्या एका वाडीतली ती नवरा-बायको. भात, नाचणी, वरई पिकवणारी. म्हातारा उंच, वाळका. म्हातारी त्याच्या खांद्याला लागेल एवढीच. तिला म्हातारपणाच्या पेन्शनचा अर्ज करायचा होता, त्याला फोटो हवे होते. तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं होतं. मी म्हटलं, "आजी, पदर काढा. तोंड दिसाय पायजे."

तिनं पदर काढला, म्हाताऱ्याकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. मी कॅमेरा जुळवेपर्यंत तिनं पापणी हलवली नाही, डोळे पाण्यानं भरले. मी बटण दाबलं. मग तीही सगळ्यांसारखी हलेना. हवा दमट होती, म्हणून मी दोन मिनिटं थांबले. दोन मिनिटं ती डोळे न मिटता बसली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी नाही. शेवटी म्हातारा म्हणाला, "आगं, मिट आता डोळं. झालं आसंल."

मी फोटो सोलला. चांगला आला होता. चार कापले. तीन अर्जाबरोबर लावायचे होते, एक उरला. तेवढ्यात बाहेर त्यांच्या जीपवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. फोटो अजून ओला होता, बोट लावलं तर ठसा उमटला असता. म्हाताऱ्यानं तो कागदात गुंडाळायला घेतला तशी मी घाईनं म्हणाले, "गुंडाळू नका बाबा. वाऱ्यावर धरा. उजेडात ठेवा त्याला."

वाळेपर्यंत, असं मला म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही. दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. म्हातारा जीपमध्ये बसला आणि त्यानं हात बाहेर काढून फोटो वाऱ्यावर धरला. जीप वळेपर्यंत तो हात दिसत होता.

नंतर मी त्यांना विसरले. असे दिवसाला पंधरा-वीस चेहरे माझ्या हातून जायचे.

तीनेक वर्षांनी म्हातारा एकटा आला. थंडीचे दिवस होते. मी ओळखलं नाही. त्यानं बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो काउंटरवर ठेवला.

"ही चाललीया बघ, बाय," तो म्हणाला.

फोटोत निळा पडदा उरला नव्हता. तिथं पिवळट पांढरं काहीतरी होतं. लुगड्याच्या जागी फिकी गुलाबी सावली, चेहऱ्याच्या जागी दोन डोळ्यांचे दोन ठिपके आणि केसांची एक रेघ. बाकी कागद. मी असे फोटो पाहिले होते. हा फोटो वहीत, अंधारात ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो, आणि उन्हात राहिला की उडतो. आम्हाला ते माहीत होतं.

ते उघडे डोळे बघून मला ती दोघं आठवली. "आजी कुठंयत?" मी विचारलं.

"ती गेली. आवंदा न्हाई, त्येच्या आदल्या पावसात. ताप आला व्हता. रस्ता वाहून गेल्याला. डोलीत घालून खाली आणली, पर वाटंतच गेली." तो हे सांगताना फोटोकडेच बघत होता. "आता येवढंच हाय. ह्येचा मोटा करून दे. भित्तीला लावत्यात तसा."

मी विचारलं, "हा कुठं लावला होता तुम्ही?"

"दाराच्या समूर. सकाळचं ऊन थेट तिच्या तोंडावर पडतं. तूच म्हनाली व्हतीस न्हवं, उजेडात ठेवा म्हनून."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी सांगितलेलं त्यानं नीट पाळलं, एवढंच तो सांगत होता. खरं सांगायला हवं होतं. बाबा, माझं चुकलं, मी अर्धंच सांगितलं, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण तोंडातून भलतंच निघालं.

"धुरानं झालं असेल बाबा. चुलीच्या धुरानं असे फोटो जातात."

तो म्हणाला, "चूल तितंच हाय. समूरच. आता मीच पेटवतो." आणि मान हलवत राहिला, हिशेब जुळल्यासारखी. मला तेव्हाही बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

निगेटिव्ह नसतं, मोठा होणार नाही, हे त्याला समजावता समजावता मला घाम फुटला. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा म्हणायचा, "पर निगाला तर हितूनच व्हता ना?" शेवटी मी त्याला आठ दिवसांनी यायला सांगितलं, का ते मलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी कळंबला घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. धुराचं सोडून. तो दिवाबत्तीच्या वेळची बुद्धवंदना म्हणून उठला होता, शर्टाची बटणं लावत म्हणाला, "तीन फोटो अर्जाला लागले ना? मग अर्ज शोध की. कचेरीतला कागद कुठं जातोय?"

मला ते सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी कचेरीत खेटे घालायला लागले. तिथले एक कारकून आमच्याकडे फोटोला यायचे, वयस्कर, रिटायरमेंटला आलेले. ते म्हणाले, "मंजूर झाला असेल तर कागद वर गेला. नामंजूर असेल तर त्रुटीच्या गठ्ठ्यात. बघतो."

अर्ज त्रुटीतच निघाला. वयाचा पुरावा जोडलेला नव्हता. डोंगरात कुणाकडे असतो वयाचा पुरावा? त्यामुळे तो कागद लाल फडक्यातल्या गठ्ठ्यात, कपाटाच्या तळाला पडून होता. टाचणीला लावलेले दोन फोटो कुठं गळून गेलेले, पण डिंकानं चिकटवलेला एक जागेवर होता. आणि रंग काय होता! आदल्या दिवशी काढल्यासारखा. निळा पडदा, हिरवं लुगडं, कपाळावरचं गोंदण, पाण्यानं भरलेले डोळे. पेन्शन मिळाली नाही म्हणून बाई अंधारात राहिली, आणि अंधारात राहिली म्हणून टिकली.

फक्त त्यावर शिक्का होता. गोल, जांभळा. फोटो बदलता येऊ नये म्हणून अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर मारतात तसा. तो गालावरून येऊन नेमका तोंडावरून हनुवटीला उतरला होता.

कारकून म्हणाले, "फोटो काढून देता यायचा नाही ताई, सरकारी कागद आहे. पण इथं खिडकीत ठेवतो. तुमच्या मिस्टरांना कॅमेरा घेऊन बोलवा. मी चहा पिऊन येतो."

ते चहाला गेले ते चांगले अर्ध्या तासानं आले. तेवढ्यात नवऱ्यानं रोलच्या कॅमेऱ्यानं त्या फोटोचे सहा फोटो घेतले. मंचरहून मोठ्या दोन प्रती करून आणल्या. म्हातारा आठव्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसला होता.

मी एक प्रत काउंटरवर ठेवली. त्यानं आधी हात धोतराला पुसले. मग दोन्ही हातांनी कड धरली आणि बघत राहिला. मोठी केल्यामुळे शिक्काही मोठा झाला होता. जिथं ओठ, तिथं 'कार्यालय' या शब्दातली अक्षरं वाचता येत होती. त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला, भिंतीवरचा डाग निघतो का बघतात तसा.

"ह्ये पुसता यील का?"

जुन्नरला एक पेंटर होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि जुन्या फोटोंना ब्रशनं टचिंग करायचे. एसटीनं मी म्हाताऱ्याला घेऊन त्यांच्याकडे गेले. पेंटरांनी फोटो उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला.

"गाल करता येईल. हनुवटीपण. पण ओठांचं काय? खाली काही दिसतच नाही. कसे होते ओठ?"

म्हातारा म्हणाला, "ओठासारकं ओठ."

"तसं नाही हो बाबा. जाड होते का पातळ? सरळ का खाली वळलेले?"

म्हातारा विचार करायला लागला. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं आता सांगेल. पेंटरही ब्रश खाली ठेवून थांबले. रस्त्यावरून टेम्पो गेला, भोंग्यावर कुणीतरी सेलची जाहिरात करत गेलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले तेव्हा तो घाबरला होता.

"आटवत न्हाई," तो म्हणाला. "चाळीस वरसं बगितली, राव. आटवत न्हाई." मग माझ्याकडे वळला. "तू बगितलं व्हतंस. तूच पदर काडाय लावला व्हता."

मी बघितलं होतं खरं, पण भिंगातून. पदर खाली आला, ओठ मिटले, एवढंच मला आठवत होतं. कसे मिटले, ते नाही. मी कापलेल्या, चिकटवलेल्या शेकडो चेहऱ्यांमध्ये ते ओठ कधीच मिसळून गेले होते. मी म्हटलं, "साधेच होते. मिटलेले होते."

पेंटर म्हणाले, "मी करतो बरोबर. काळजी करू नका."

पंधरा दिवसांनी म्हातारा आपल्या लेकीला घेऊन दुकानात आला. लेक तिशीची, अंगानं आईसारखी लहानखुरी. मी कागदातून फोटो काढला. पेंटरांनी काम खूप मन लावून केलं होतं. शिक्का कुठं होता ते सांगूनही कळलं नसतं. गालावर उजेड, हनुवटी गोल, आणि ओठ. पातळ, नीट रेखलेले, आणि कोपऱ्यात किंचित वर गेलेले. पेंटरांचा हातच तसा होता. त्यांच्या पाट्यांवरच्या बायकाही तशाच हसायच्या.

लेक म्हणाली, "आई गं, किती ग्वाड आलाय!"

म्हाताऱ्यानं फोटो हातात घेतला नाही. लांबूनच बघितला.

"ही हसतीया," तो म्हणाला.

"बरं दिसतंय की बाबा," लेक म्हणाली. "आईसारकीच हाय की."

"ही ती न्हाई. डोळ्यांत पाणी हाय आन् हसतीया. ती आशी हसत नव्हती." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी लई केलं बाय. नावं ठेवत न्हाई. पर मला ती शिक्क्याचीच दे."

मी दोन्ही दिले. शिक्क्याचा त्यानं बंडीच्या आत छातीशी धरला. हसरा लेकीनं पिशवीत घातला. निघताना तो दारात थांबला आणि विचारलं, "ह्येला धूर लागला तर?"

त्या वेळी तरी सांगायचं होतं. तिसरी संधी होती. लेक पुढे रस्त्यावर उभी, नवरा आत पडदा बदलत होता. मी म्हणाले, "जपून ठेवा. उन्हातही लावू नका." इतकंच. धुराचं मी खोडलं नाही.

पुढे त्या फिल्मची पाकिटं मिळेनाशी झाली. मिळायची ती जुनी, मुदत संपलेली, त्यात माणसं तपकिरी दिसायची. मग कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला. चार डोळ्यांचा कॅमेरा नवऱ्यानं भंगारात घालायच्या आधी मला विचारलंही नाही, आणि मी रागावलेही नाही. आता दुकानात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म चालतात. मुलगी ते बघते.

मागच्या वर्षी कांदा काढणीच्या दिवसांत मी पिंपळवंडीला भावाकडे गेले होते. डांगाणातल्या टोळ्या दरवर्षी आमच्याकडे कामाला येतात. भावाच्या शेजारच्या रानात अशीच एक टोळी उतरली होती. मी बांधावरून जाताना एका बाईनं हाक मारली.

"तुमी फोटुवाल्या बाई ना?"

केस पांढरे झाले होते, पण लहानखुरी चण तीच. ती मला हाताला धरून पत्र्याच्या खोपीत घेऊन गेली. आत, बांबूच्या खांबाला, हसरा फोटो. आता त्याला प्लास्टिकचा हार होता. कामाला येताना देवाबरोबर तोही आणतो, असं ती म्हणाली.

"बाबा?" मी विचारलं.

"चार वरसं झाली. म्हातारपनानं गेला. त्यो दुसरा फोटो, शिक्क्याचा, त्येच्या छातीवर ठेवला आन् आग्नी दिला. त्यो सोडतच नव्हता तर काय करनार?"

तिनं चहा टाकला. खोपीच्या बाहेर तीन दगडांची चूल होती. चूल फुंकता फुंकता ती आपलं आपण बोलत होती.

"बाबानं लई हाल काडलं शेवटाला. घरात चूल म्हनून पेटवू द्यायचा न्हाई. तुमाला म्हाईत हाय आमचा पाऊस. आडवा येतो नुसता. तरी त्यो बाहेर पडवीत बसून भाकरी भाजायचा. लाकडं वली, पेटायची न्हाईत, निम्मं दिवस कच्चं खायाचा. मी म्हनायची, बाबा आत घे चूल, थंडीनं मरशील. तर म्हनायचा, धुरानं तुजी आय जाती."

मी खोपीच्या कुडाला टेकून बसले होते. तिनं पितळी पुढे केली. चहा गुळाचा होता.

"आसं आसतं का वो?" तिनं विचारलं. "धुरानं जातो फोटो?"

"थोडाफार," मी म्हणाले.

ती फोटोकडे बघायला लागली. तिची नात, चार-पाच वर्षांची, दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. बाई तिला म्हणाली, "बग, पणजी कशी हसतीया. आईचं हसू लई ग्वाड व्हतं. सगळी वाडी म्हनायची." तिचा आवाज खरा होता. तिला ते तसंच आठवत होतं.

मी चहा संपवला. उठताना ती माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला वरच्या वर धरलं. भावाच्या घरी आले तेव्हा वहिनीनं विचारलं, चेहरा का उतरलाय. ऊन लागलं म्हटलं आणि पडून राहिले.

यंदा मी ठरवून गेले. काय बोलायचं ते एसटीत बसून मनात जुळवलं होतं, एक-दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणूनही बघितलं. रानात टोळी होती, पण ती दुसरी, अकोले तालुक्यातली. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "त्या लोकांचा नंबर न्हाई माझ्याकडं. आली तर येत्याल पुढल्या साली." बायका कांद्याच्या पाती कापत होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, पावणं, सावलीला बसा. मी थोडा वेळ बसले आणि मग घराकडे निघाले.